बांगड्यांची खूण

बोलायला काय, कुणीही बोलतं. वकिलाला खाली बसता आलं पाहिजे, असं ॲडव्होकेट ईश्वर तळवडेकर आपल्या प्रत्येक ज्युनिअरला पहिल्याच दिवशी ऐकवायचे. आणि स्वतःला मात्र ते काही केल्या जमायचं नाही! लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट. ठाण्याच्या सेशन्स कोर्टात दरोड्याचा खटला होता. साक्षीदार पुरता आडवा झालेला, आरोपी सुटल्यात जमा. अशा वेळी गपचूप बसावं की नाही? पण तळवडेकरांना चेव चढला होता. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, त्या एका प्रश्नाने साक्षीदाराला हवी ती पळवाट मिळाली आणि आरोपी आत गेला. त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत.

पुढच्या खटल्याला त्यांनी बायकोला सोबत नेलं. म्हणाले, "हंसा, तू माझ्या मागच्या बाकावर बस. तुला वाटलं ना की आता पुरे, की नुसता हात हलव. बांगड्या वाजल्या की मी बसतो."

हंसा तेव्हा गिरगावात शाळेत शिकवायची. कायद्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण भरकटलेला माणूस आणि समेवर आलेला माणूस यातला फरक शाळामास्तरणीला नाही कळणार तर कुणाला? तिने हात हलवला आणि नवरा खरोखरच मटकन खाली बसला. तेव्हापासून ती खूण पडली. शाळेच्या सुट्टीच्या दिवसांत, मग रजा टाकून, मग निवृत्त झाल्यावर रोजच, हंसा मागच्या बाकावर बसू लागली. गिरगावची खोली सोडून दोघं मीरा रोडला शांती नगरात राहायला आली, मुलगी सुरुची लग्न होऊन बंगळुरूला गेली, डोईचे केस पांढरे झाले, पण हिरव्या काचेच्या बांगड्या काही तिने हातातून उतरवल्या नाहीत. बारच्या लोकांना वाटायचं, काय बाई हौस आहे नवऱ्याचं कौतुक बघायची. वाटू दे!

त्या खुणेची खरी गरज पुढे पडली, आणि ती अशा रीतीने की वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये.

आधी किल्ल्या हरवायच्या. मग तेच ते सांगणं सुरू झालं. मग एका सकाळी घोडबंदरच्या नाक्यावर तळवडेकरांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून विचारलं, "ठाण्याला कुठून वळायचं गं?" ज्या रस्त्याने इतकी वर्षं ये-जा केली तो रस्ता! हंसाने त्याच महिन्यात ड्रायव्हिंगचा क्लास लावला. साठीच्या बाईला क्लच शिकवताना तो ड्रायव्हिंग स्कूलवाला हसायचा, पण ती शिकली.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, आजार विसरण्याचा आहे, तो वाढतच जाणार. जुनं बराच काळ टिकेल, ताजं पुसलं जाईल. औषधाने फार तर वेग कमी होतो. परतताना तळवडेकर डॉक्टरवर उखडलेच. "मला काय झालंय? पुराव्याचा कायदा पहिल्या कलमापासून म्हणून दाखवू का त्याला?" आणि त्यांनी गाडीत खरोखरच म्हणायला सुरुवात केली. एक शब्द चुकला नाही. हीच तर फसगत होती. चाळीस वर्षांपूर्वीचा निकाल तोंडपाठ, आणि सकाळी काय खाल्लं ते ठाऊक नाही.

कोर्ट नसलेल्या दिवशी ते खिडकीपाशी बसून राहायचे, आंघोळ कर म्हटलं तरी उठायचे नाहीत. काळा कोट अंगात चढला की पाठ ताठ व्हायची, आवाज भरायचा. हे बघितलेल्या बायकोने तो कोट कसा काढून घ्यायचा? हंसाने हळूहळू सगळी कामं त्यांचा जुना ज्युनिअर जितेंद्र याच्याकडे वळवली. कुणाला तब्येतीचं कारण सांगितलं, कुणाला वयाचं. खरं कारण कुणालाच सांगितलं नाही, जितेंद्रलाही नाही. शेवटी एकच खटला हातात राहिला, तो रंभाच्या पोराचा.

रंभा नवघरची. तिच्या सासऱ्याची मिठागरं आणि भातखाचरं होती. आता त्यातला एक तुकडा उरला होता आणि त्याच्या चारी बाजूंनी टॉवर उठत होते. तिचा नवरा राघो तरुणपणी एका मारामारीच्या प्रकरणात अडकला होता, त्याला तळवडेकरांनी सोडवलं होतं. राघो पुढे दुखण्याने गेला, पण त्या घरात वकीलसाहेब म्हणजे देव्हाऱ्यातला देव. आता तिचा एकुलता एक प्रणय खुनाच्या आरोपात आत होता. शेजारच्या साइटचा सुपरवायझर नवरात्रात मिठागराच्या बांधावर मरून पडलेला सापडला, डोक्यात घाव. जमिनीवरून प्रणयची आणि त्याची आधी जुंपली होती, हे खरं. पण मारलं त्याने नव्हतं. प्रणयविरुद्ध उभा होता एकच माणूस, साइटचा वॉचमन. तो म्हणत होता, मी गेटवरून डोळ्यांनी बघितलं. त्याचं खरं ठरलं तर प्रणयला जन्मठेप. नुकती बारावी झालेलं पोर.

हंसाने रंभाला सुचवून पाहिलं, "जितेंद्र वकील चांगले आहेत, तरुण आहेत."

"नको नको," रंभा म्हणाली. "राघोला साहेबांनी आनला होता घरी. प्रणयला पन तेच आनतील. दुसरा कोन मना न्हाय पायजे."

तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. हंसाच्या ओठावर आलंही होतं. पण आतून कॉलर ताठ करत तळवडेकर आले आणि त्यांनी वॉचमनच्या जबाबातली एकेक भोकं अशी काही दाखवली की रंभाने पदराने डोळे पुसले. हंसा गप्प राहिली. एकच शेवटचा खटला, मी मागे आहे ना, माझ्या बांगड्या आहेत ना, असं तिने स्वतःला समजावलं. मन मोठं लबाड असतं. आपल्याला हवं तेच आपल्या गळी उतरवतं.

वॉचमनच्या उलटतपासाचा दिवस उजाडला तो इतका छान की काय सांगावं! तळवडेकरांनी स्वतः दाढी केली, स्वतः पांढरा बँड बांधला. गाडीत अख्खी केस घडाघडा म्हणून दाखवली. हंसाला वाटलं, औषध लागू पडतंय.

आणि सकाळी त्यांनी जी उलटतपासणी घेतली तिला तोड नव्हती. खुनाचं नावच काढलं नाही. गप्पा मारायला बसावं तसं वॉचमनला गावाकडचं विचारलं, खोली कुठं दिली ते विचारलं, साइटवर सळ्यांची चोरी होते का ते विचारलं.

"पहले होता था साब," वॉचमन खुशीत म्हणाला. "अब नहीं होता."

"असं? आपने बंद करवाया?"

"नहीं साब, पत्रा लग गया ना चारों तरफ. गणपती के पहले लगा."

"अच्छा. उंच असेल चांगला?"

"दो आदमी के ऊपर!"

जज्जसाहेबांनी टायपिस्टला ते वाक्य सांगितलं, टायपिस्टने ते घेतलं, आणि तळवडेकर लगेच त्याच्या पगारी सुट्टीकडे वळले, जणू काही झालंच नाही. सरकारी वकील निवांत बसले होते. त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं की पोरगा सुटला! गणपतीआधीच साइटला दोन पुरुष उंचीचे पत्रे लागले. खून झाला नवरात्रात. मग गेटवर उभ्या माणसाला पलीकडचा बांध दिसला कसा? हे विचारायचं नव्हतं. हे शेवटच्या युक्तिवादात काढायचं होतं, जेव्हा वॉचमनला तोंड उघडायची सोय नसेल. हंसाने हात हलवला. बांगड्या वाजल्या. तळवडेकरांनी किंचित मान डोलावली आणि घड्याळाकडे बघितलं. जेवणाची सुट्टी झाली.

बार रूममध्ये डबा उघडला तेव्हा ते लहान मुलासारखे खुलले होते. "कसा अडकवला?"

"अहो, आता दुपारी एकच वाक्य," हंसा म्हणाली. "तो खोटं बोलतोय एवढं नोंदीपुरतं त्याच्या तोंडावर म्हणा, तो नाही म्हणेल, तुम्ही बसा."

"मला शिकवतेस?" ते हसले. पोळी-भाजी चवीने खाल्ली, आणि खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. हंसाने त्यांना झोपू दिलं.

उठले तेव्हा डोळे वेगळे होते. समोरच्या रिकाम्या डब्याकडे बघत त्यांनी विचारलं, "आज कुठली केस आहे?"

हंसाने डब्यावर झाकण दाबलं. "प्रणयची," ती म्हणाली. "नवघरची."

"हां हां, राघोच्या मुलाची. चल." आणि ते उठले, कोट झटकला, आवाज तोच भरदार. हंसा पाठोपाठ निघाली. त्या क्षणी तिने त्यांना खांद्याला धरून बसवायला हवं होतं, तारीख मागायला हवी होती. तिला ते कळत होतं. पण एकच तर वाक्य उरलं होतं! एक वाक्य ते झोपेतही म्हणतील, असं तिला वाटलं.

जाता जाता तिने पाहिलं, वॉचमन कॅन्टीनच्या कोपऱ्यात चहा पीत होता आणि एक सफारीवाला त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला काहीतरी समजावत होता. सकाळी कोर्टात मागे बसलेला तोच माणूस. साइटच्या मालकाचाच असणार, हंसाने ओळखलं.

तळवडेकर उभे राहिले. जज्जसाहेबांनी विचारलं, "वकीलसाहेब, किती वेळ लागेल अजून?"

"थोडाच, युवर ऑनर." ते वॉचमनकडे वळले, प्रसन्न हसले आणि म्हणाले, "हां, तो बताइये. साइट पे चोरी-वोरी होती है क्या?"

हंसाने हात हलवला. बांगड्या वाजल्या.

"पहले होता था," वॉचमन म्हणाला. या वेळी तो सावध होता.

"बंद कैसे हुई?"

"पत्रा लगा, सुबह बताया ना, दो आदमी जितना."

हंसाने पुन्हा हात हलवला, जोरात. बांगड्या इतक्या खणखणल्या की टायपिस्टने मान वर केली. तळवडेकर थांबले. मागे वळले. हंसाने डोळ्यांनी विनवलं, बसा हो, बसा. त्यांनी तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"बाई," ते म्हणाले, "कोर्टाचं काम चालू आहे. आवाज करू नका."

मागे दोघं-चौघं हसले. हंसाचा हात तसाच हवेत राहिला.

"हां, तो आपने कहा पत्रा लगा था," तळवडेकर पुढे सरसावले. सकाळी लावलेला सापळा त्यांना पुन्हा नव्याने सुचत होता, आणि सुचल्याचा आनंद चेहऱ्यावर दिसत होता. "दो आदमी जितना उंचा. तो फिर गेट से बांध दिखा कैसे?"

हाच तो प्रश्न. जो विचारायचाच नव्हता.

वॉचमनने एकदा सफारीवाल्याकडे बघितलं आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "पत्रे तो थे साब, मगर उस दिन मिक्सर की गाडी अंदर लेने को दो पत्रे खोल के रखा था. उधर से सब साफ दिखता था."

जज्जसाहेबांनी तेही टायपिस्टला सांगितलं. सरकारी वकिलांनी दचकून सकाळचा कागद उलटला. आपण केवढ्या खड्ड्यातून वर आलो हे त्यांना आत्ता कळत होतं, आणि वर काढलं कुणी, तर आरोपीच्याच वकिलाने! पिंजऱ्यात उभ्या प्रणयने लाकडी कठडा दोन्ही हातांनी धरला. त्याला सगळं समजलं होतं. रंभाला मात्र काहीच समजलं नव्हतं. ती हंसाकडे झुकून कुजबुजली, "साहेबांनी बराबर धरला नं त्याला?"

हंसाने तिच्याकडे बघितलं आणि तिला स्वतःचीच किळस आली. या बाईचं पोर जन्मभर तुरुंगात सडणार, आणि का? तर आपल्या नवऱ्याच्या अंगावर काळा कोट राहावा म्हणून. ती उठून उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "हे थांबवा."

जज्जसाहेब तिला ओळखत होते. मागच्या बाकावरच्या तळवडेकरबाईंना कोण ओळखत नव्हतं? "काय झालं, बाई?"

"माझे मिस्टर आजारी आहेत. त्यांना आठवत नाही. चोरीचे हेच प्रश्न त्यांनी सकाळी विचारले होते, ते विचारल्याचं ते विसरले. त्यांच्या चुकीची शिक्षा त्या मुलाला देऊ नका."

"युवर ऑनर, माझा आक्षेप आहे," तळवडेकरांचा आवाज घुमला. "प्रेक्षकांतल्या व्यक्तीला मध्ये बोलायचा अधिकार नाही."

जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवलं. काम तहकूब केलं आणि दोघांना आणि सरकारी वकिलांना चेंबरमध्ये बोलावलं.

चेंबरच्या दारापर्यंतचा तो व्हरांडा हंसाला संपता संपेना. रंभा आडवी आली. आता तिला कळलं होतं. प्रणयनेच पोलिसांच्या मधून ओरडून सांगितलं होतं.

"तुमाना ठाव होता?" तिने विचारलं.

हंसाने मान खाली घातली.

"ठाव होता तुमाना! मी देव म्हनून आले नं तुमच्या दारात. माझ्या पोराच्या जिवावर तुमी नवऱ्याला खेलवला? बोला नं, आता का न्हाय बोलत?"

तिने शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती तर हंसाला बरं वाटलं असतं. रंभा नुसती बाजूला झाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

चेंबरमध्ये जज्जसाहेबांनी हंसाला खुर्ची दिली. "आजाराचे कागद आहेत?"

"घरी आहेत. उद्या आणते."

"युवर ऑनर," तळवडेकर उभेच होते, "कागद उद्या येतील तेव्हा येतील. आज या बाईंनी माझ्यावर आरोप केला आहे. मला त्यांची उलटतपासणी घ्यायची आहे."

सरकारी वकील चुळबुळले. तेही एके काळी तळवडेकरांच्या हाताखाली शिकलेले. जज्जसाहेब क्षणभर थांबले आणि म्हणाले, "घ्या, सर."

मग जे झालं ते बघायला सगळा बार हवा होता. तळवडेकर दोन पावलं पुढे आले, हात पाठीमागे बांधले आणि मृदू आवाजात सुरुवात केली.

"आपण डॉक्टर आहात?"

"नाही."

"वकील?"

"नाही."

"आज सकाळी कोर्टात आपला एकदा डोळा लागला होता. खरं की खोटं?"

हंसा चमकली. क्षणभर लागला होता, सुरुवातीला, साक्ष सुरू व्हायच्या आधी. ते यांनी बघितलं होतं? आणि लक्षात राहिलं होतं? "खरं," ती म्हणाली.

"आरोपीने ही केस दुसऱ्या वकिलाकडे द्यावी, असं आपण त्याच्या आईला सुचवलं होतं."

"हो, पण..."

"हो की नाही?"

"हो."

"म्हणजे हा वकील केसमधून जावा असं आपल्याला पहिल्यापासूनच वाटत होतं. आज आपण मुद्दाम आवाज करून त्याच्या कामात अडथळा आणला. वकिलाने हटकल्यावर आपला अपमान झाला. आणि त्या रागात आपण उभ्या राहून हे सगळं बोललात."

"नाही हो!"

"युवर ऑनर," ते वळले, "आणि एक. कसलेला वकील तोच प्रश्न मुद्दामही दोनदा विचारतो, साक्षीदार जबाब बदलतो का ते बघायला. तो बदलला."

जज्जसाहेबांच्या चेहऱ्यावर शंका उमटली. सरकारी वकील तर हसूनच म्हणाले, "साहेब, सरांना काय झालंय? मला तर आजही घाम फुटेल." हंसाला ते दिसत होतं. ती हरत होती. खरं तिच्या बाजूला होतं आणि तरी ती हरत होती, कारण समोर ईश्वर तळवडेकर उभे होते. इथंच थांबला हा माणूस, तर जज्जसाहेब तिला समजूत घालून घरी पाठवतील, वॉचमनचं वाक्य तसंच राहील, आणि प्रणय संपला.

पण ते थांबले नाहीत. चेव चढला होता. हंसाला तो चेव चांगला ओळखीचा होता. मान किंचित वर, उजवा हात कोटाच्या कडेला. आता ते आणखी एक प्रश्न विचारणार होते. जो विचारू नये तो.

उभा जन्म तिने याच क्षणी हात हलवला होता. आत्ताही तिचा हात आपोआप उचलला गेला. आणि तिने दुसऱ्या हाताने मनगट गच्च धरलं, बांगड्यांसकट, इतकं गच्च की एक बांगडी तिच्या मुठीत पिचली. आवाज झाला नाही.

"तर मग सांगा," तळवडेकर म्हणाले, "हा तथाकथित आजार आपल्या पहिल्यांदा लक्षात आला तरी कधी?"

हंसाने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "किल्ल्या आधीच हरवत होत्या, पण खरं कळलं ते भाऊबीजेला. सुरुचीचा फोन आला होता. तुम्ही तिच्याशी खूप वेळ बोललात, हसलात, जपून राहा म्हणालात. मग फोन ठेवलात आणि मला म्हणालात, मुलगी गोड बोलते गं, कुणाची आहे?"

तळवडेकर विजयी मुद्रेने जज्जसाहेबांकडे वळले.

"युवर ऑनर, ही सुरुची कोण? या नावाचा साक्षीदार यादीत कुठंही नाही."

सरकारी वकिलांनी मान खाली घातली. सुरुचीच्या लग्नात त्यांनी पंगतीत जिलेबी वाढली होती.

जज्जसाहेब उठले, टेबलाला वळसा घालून आले. "बसा, सर," ते म्हणाले. "झालं काम."

"उत्तर आलं नाही अजून."

"आलं, सर."

मग जज्जसाहेबांनी सांगितलं की आरोपीने नवा वकील द्यावा, आजाराचे कागद बघून वॉचमनला पुन्हा बोलावण्याचा हुकूम होईल, पत्र्यांबद्दल त्याला नव्याने विचारता येईल. सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही. सुटकेचा दरवाजा उघडला नव्हता, फक्त बंद होता होता अडकून राहिला होता. वॉचमन आता शिकून तयार झाला होता. आता केस जितेंद्रकडे जाणार, त्याला घाम गाळावा लागणार होता. हंसाने व्हरांड्यात जाऊन रंभाला हे सांगितलं. रंभाने ऐकून घेतलं. तिच्याकडे बघितलं मात्र नाही.

पार्किंगमध्ये हंसाने गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. तळवडेकर मागचं दार उघडून मागे बसले, कोर्टाने सोबत दिलेल्या माणसाच्या गाडीत बसावं तसे, अवघडून. हंसाने दार लावलं आणि स्टिअरिंगपाशी बसली. मुठीत काच रुतली होती. ती तिने काढली नाही.

घोडबंदर रोडला लागल्यावर ते बोलू लागले. "बाई, साक्ष चांगली दिलीत तुम्ही. घाबरला नाहीत. नाहीतर लोक वकिलापुढे त त प प करतात."

"हो," हंसा म्हणाली.

"तुमचे यजमान काय करतात?"

रस्ता तिला दिसेनासा झाला. पदराने डोळे पुसले, पुन्हा समोर बघितलं. "वकील आहेत."

"असं? कुठं?"

"ठाण्याला."

"बरे आहेत का? नाव आहे?"

"त्यांच्यासारखा दुसरा नाही."

मग ते खंतावून म्हणाले, "मग ही केस त्यांनाच द्यायला हवी होती. त्या नवघरच्या बाईचं पोर त्यांनी नक्की सोडवलं असतं. आमच्याकडून काहीतरी चुकलं बघा आज. काय चुकलं ते मला काही..."

पुढे चढ आला. हंसाने गिअर बदलला, तशा हातातल्या उरलेल्या बांगड्या वाजल्या.

मागच्या सीटवर ॲडव्होकेट ईश्वर तळवडेकर अर्ध्या वाक्यात थांबले, हात मांडीवर ठेवले आणि गप्प बसले.